कात्री स्वीप: ड्रिलमध्ये होतो, रोलिंगमध्ये का होत नाही?

ओला_टॉवेल
नमस्कार मंडळी. क्रीडा विभागात टाकतोय, जागा चुकली असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

वय ४१, वजन ६८ किलो, दिवसभर खुर्चीत. गेले चार महिने पुण्यात आठवड्यातून तीन सकाळी ब्राझीलियन जिउ-जित्सूच्या क्लासला जातोय. पट्टा पांढरा, त्यावर अजून एकही पट्टी नाही. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: जाड सुती अंगरखा (गी) घालून, एकमेकांची कॉलर-बाही धरून बहुतेक जमिनीवरच खेळायची कुस्ती समजा. फरक एवढाच की पाठ टेकली म्हणून कोणी हरत नाही. समोरच्याने सांधा पिरगळला किंवा गळा आवळला आणि आपण हाताने दोनदा थोपटून 'बस' म्हटलं की डाव संपला. याला टॅप म्हणतात. त्यात मी पारंगत आहे.

प्रश्न असा. आपण पाठीवर, समोरचा आपल्या दोन पायांच्या मध्ये गुडघ्यांवर, आणि आपल्या पायांचा त्याच्या कमरेला विळखा. हा क्लोज्ड गार्ड. इथून त्याला उलथवून आपण वर जायचं, तो स्वीप. नवख्यांना जे पहिले दोन-तीन स्वीप शिकवतात त्यात कात्री स्वीप असतो: एक नडगी त्याच्या पोटावर आडवी, दुसरा पाय जमिनीलगत त्याच्या गुडघ्याशी, आणि दोन्ही पाय कात्रीसारखे उलटसुलट मारायचे.

ड्रिल करताना माझा दहापैकी दहा वेळा होतो. कोचसुद्धा 'छान' म्हणतात. नंतर खरं रोलिंग, म्हणजे मोकळी सराव-कुस्ती, सुरू झालं की एकदाही नाही. माझा नेहमीचा जोडीदार ९० किलोचा आहे. त्याला पाय मारला की वडाच्या झाडाला लाथ मारल्यासारखं वाटतं. तो हलत नाही, माझीच नडगी दुखते. वर तो विचारतो, "सर, काही करताय का?"

पायात ताकद कमी पडतेय का? जिममध्ये मांड्यांचे व्यायाम वाढवू का?

चकली
काही कळलं नाही पण "सर, काही करताय का" वर फुटले. वाचतेय.

पन्हाळ्याचा वारा
मी लहानपणी सात वर्षं तालमीत काढलीत, कोल्हापुरात. आता पोट सुटलंय, पण बघायची सवय सुटली न्हाय. खरं सांगू का, पाठीवर पडून डाव मारायचा ही कल्पनाच आमच्या डोक्यात बसत नाही. पहिल्या दिवसापासनं अंगात भिनवतात की पडायची वेळ आलीच तर पोटावर पड, पाठ टेकवू नको. खांदे टेकले की चितपट, ढोल वाजला, फेटा दुसऱ्याला. तुमचा खेळ तिथनं पुढं चालू होतो म्हणजे नवलच.

मांड्यांचं म्हणाल तर बैठका मारा, वाया जात नाहीत. पण डाव ताकदीनं लागत नसतो. टांग मारताना पोरगं नुसता पाय फेकतं आणि आपणच पडतं. वस्ताद म्हणायचे, पाय नंतर, आधी त्याला हातानं हलव. तुमचंबी तेच होत असंल.

स्नोमधला_मोदक
वरच्या काकांनी तीन ओळीत उत्तर दिलंय, मी फक्त फोड करतो. (टोरांटो, जांभळा पट्टा, गुडघे मात्र पांढऱ्या पट्ट्यापेक्षाही नाजूक.)

आधी ड्रिलमध्ये का होतो ते पाहू. ड्रिलमध्ये जोडीदाराला माहीत असतं की तुम्ही काय करणार आहात, आणि तो नकळत वजन पुढे देतो. रोलिंगमध्ये तो पाठ ताठ करून टाचांवर बसतो. टाचांवर बसलेल्या माणसाला कात्री लागत नाही. पाय कितीही जोरात मारा, तुम्ही त्याच्या बुडख्याशी झटापट करताय. वडाचं झाड म्हणालात ते बरोबरच आहे, फक्त झाड त्याच्या टाचांमध्ये आहे.

कात्री या नावाने सगळ्यांचं लक्ष पायांकडे जातं. पोर्तुगीजमध्येही 'तेझोरिन्या', म्हणजे छोटी कात्रीच. माझ्या हातात असतं तर मी याला 'ओढ' म्हटलं असतं. ज्युडोत डावाचे तीन टप्पे सांगतात: कुझुशी म्हणजे तोल काढणं, त्सुकुरी म्हणजे आपण जागेवर येणं, काके म्हणजे प्रत्यक्ष टाकणं. तुम्ही पहिले दोन गाळून थेट तिसऱ्यावर येताय.

आता नीट, एका बाजूने सांगतो. उजवं-डावं म्हणतो ते जिथे 'त्याचं' म्हटलं नाही तिथे तुमचं.

विळखा बंद असतानाच उजव्या हाताने त्याची उजवी कॉलर आतून खोलवर धरा, तुमचा हात छातीवरून आडवा जाईल. डाव्या हाताने त्याची उजवी बाही, मनगटाजवळ किंवा कोपराजवळ, पण घट्ट. हीच बाही का? कारण तो त्याच्या उजवीकडे पडणार आहे, आणि पडताना माणूस त्याच हाताने जमीन धरतो. ती बाही सुटली तर स्वीप संपला.

मग विळखा उघडण्याआधी गुडघे स्वतःच्या छातीकडे ओढा आणि कॉलर खाली खेचा. तो वाकेल. लगेच परत ताठ व्हायला बघेल. तेव्हा भांडू नका, एकदा जाऊ द्या. पुन्हा ओढा. कधी उलटं करा: आधी कॉलरच्या मुठीने त्याला थोडं मागे ढकला, तो चिडून पुढे रेटेल. तो पुढे येतोय ती वेळ तुमची.

विळखा उघडा, उजवा पाय मॅटवर रोवून कंबर उजवीकडे सरकवा आणि डाव्या कुशीवर या. पाठीवर सपाट राहून हा डाव होत नाही. पांढऱ्या पट्ट्यांची निम्मी कात्री इथेच बोथट होते. उजवी नडगी त्याच्या पोटावर आडवी, गुडघा त्याच्या उजव्या बाजूला, पाऊल त्याच्या डाव्या कमरेला अडकवलेलं. डावा पाय जमिनीला चिकटून त्याच्या उजव्या गुडघ्याच्या बाहेर.

आणि आता थांबा. पाय मारू नका. दोन्ही हातांनी त्याला तुमच्या डोक्याच्या दिशेने ओढा, इतकं की त्याचं ढुंगण टाचांवरून सुटेल आणि वजन तुमच्या उजव्या नडगीवर येईल. ते वजन जाणवतं, चुकत नाही. ते आलं की त्याच्या गुडघ्यांवर काही उरलेलं नसतं. मग डावा पाय आत ओढा, उजवा पाय डावीकडे रेटा, बाही पोटाशी घ्या. तो पडेल आणि त्याच्या मागोमाग तुम्ही वर, थेट माउंटमध्ये, म्हणजे त्याच्या छातीवर बसलेले.

वजन आलं नाही? मग मारूच नका. पुन्हा ओढा किंवा दुसरं काहीतरी करा.

ओला_टॉवेल
बापरे. आभार. छापून मॅटवर नेऊ का? एक शंका: मी बहुतेक दुसरी बाही धरतोय. उद्या बघतो.

दहीपोहे
मोदकराव, वाचनखूण साठवली आहे, पण थोडा मतभेद. (ठाणे, निळा पट्टा, ५२ किलो.)

तुमचं 'त्याला स्वतःवर ओढा' हे ऐकायला छान आहे. माझ्या क्लासमध्ये बहुतेक मुलगे ७५ च्या वर. त्यांना मी स्वतःवर ओढलं आणि नडगी पोटाऐवजी मांडीवर गेली की ते अंगावर येऊन पसरतात आणि मग मला श्वास घ्यायलाही परवानगी लागते. सहा महिने माझं हेच चाललं होतं. कोच म्हणायचे 'अजून ओढ'. मी ओढायचे. मुलगा म्हणायचा 'थँक यू'.

माझ्यासाठी दोन गोष्टी बदलल्या. एक, उजवा गुडघा खूप वर, जवळजवळ त्याच्या छातीशी, दाराला अडसर लावल्यासारखा. तो पुढे आला तर गुडघ्यावर येतो, माझ्यावर नाही. दोन, त्याचा गुडघा जड असेल तर डाव्या पायाने कापायचं सोडून द्यायचं. डावं पाऊल त्याच्या उजव्या गुडघ्यावर ठेवायचं आणि सरळ मागे ढकलायचं. गुडघा मागे सरकला की तो आडवा होतो. वरचं बाकी सगळं तेच: कॉलर, बाही, नडगी. याला पुश स्वीप म्हणतात. वजनाचा फरक मोठा असेल तर मला हाच जमतो, कात्री नाही.

टॉवेलदादांचा जोडीदार ९० चा आहे. मी त्यांच्या जागी असते तर आधी हा केला असता.

स्नोमधला_मोदक
गुडघ्याचा मुद्दा पूर्ण मान्य. मी ८४ किलोचा आहे, माझ्या ते लक्षातच येत नाही. 'अजून ओढ' म्हणणारे कोच बहुधा माझ्याच मापाचे असतात. :)

दहीपोहे
असतातच.

आणि एक राहिलं. कात्री लागली नाही तरी वाया जात नाही. दोन-तीनदा जोरात पुढे ओढलं की माणूस घाबरून मागे रेलतो, ताठ बसतो. तोच क्षण हिप बम्पचा. विळखा उघडायचा, पटकन उठून बसायचं, डावा हात मागे जमिनीवर टेकवायचा, उजवा हात त्याच्या उजव्या खांद्यावरून नेऊन दंड कवटाळायचा आणि कमर त्याच्या पोटात तिरकी उचलायची, डावीकडे. तो आधीच मागे रेललेला असतो, फक्त दार उघडायचं असतं. वाचायला त्याने उजवा हात जमिनीवर टेकवला तर तोच हात किमुरासाठी, म्हणजे खांदा पिरगळायच्या पकडीसाठी, समोर आलेला असतो. आणि पुढे रेटून परत खाली बसवायला आला तर मान गिलोटिनला, म्हणजे काखेत धरून गळा आवळायला. तो काय करतो त्यावर मी काय करते हे ठरतं.

जुनाजाणता
किमुराचा उल्लेख आला म्हणून थोडं अवांतर. ज्युडोतलं त्या पकडीचं नाव उदे-गरामी. १९५१ मध्ये रिओच्या माराकाना मैदानात जपानी ज्युडोवाल्या मासाहिको किमुराने ब्राझीलियन जिउ-जित्सूच्या हेलिओ ग्रेसीचा हात याच पकडीत मोडला. हेलिओने टॅप केला नाही, शेवटी कोपऱ्यातून थोरल्या भावाने, कार्लोसने, कुस्ती थांबवली. नंतर ब्राझीलवाल्यांनी त्या पकडीला हरवणाऱ्याचंच नाव दिलं. आपल्याकडे असं कुणी केल्याचं ऐकलं आहे का?

मुळात हे सगळं ब्राझीलला पोचवलं मित्सुयो माएदा या कोदोकानच्या (जपानमधली ज्युडोची मूळ संस्था) ज्युडोवाल्याने. १९१४ मध्ये तो ब्राझीलमध्ये उतरला, पुढे बेलेमला स्थायिक झाला आणि कार्लोस ग्रेसी तिथे त्याच्याकडे शिकला. त्याआधी माएदा देशोदेशी कुस्तीगिरांशी पैज लावून लढत फिरला होता. पन्हाळ्याचा वारा, तुमचे आणि यांचे पूर्वज अगदीच परके नव्हते.

पन्हाळ्याचा वारा
झकास माहिती. आमच्यात डावाला मोडणाऱ्याचं नाव नसतंय, पण 'ही पकड अमक्याची' असं गावोगावी चालतं.

ते दहीपोहे ताईंचं 'तो मागं रेलला की दुसरा डाव' हे मात्र शंभर टक्के तालमीतलं. एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून पाडायला गेलं, गडी मागं सरला, तर दुसऱ्या पायाला. एकाच डावावर जीव लावणारा पैलवान जोडीदाराला पाठ होतो. टॉवेलराव, तुमच्या जोडीदाराला तुमची कात्री पाठ झालेली असणार. चार महिने रोज एकच.

ओला_टॉवेल
हे लागलं. 😐

वाटी_सरकली
मी फिजिओ आहे, खेळत नाही, पण हे खेळणारे माझ्याकडे येतात. म्हणून गुडघ्यांसाठी.

जमिनीलगतचा पाय म्हणजे खरोखर जमिनीलगतच. समोरच्याचा गुडघा वाकलेला आणि मॅटवर टेकलेला असताना खालून पाय ओढला तर गुडघा सरकतो, इजा सहसा होत नाही. पण घाईत पाय वीतभर वर गेला, किंवा समोरचा मधेच एक पाऊल रोवून अर्धा उठला आणि तुम्ही त्याच वेळी बाहेरून हाणलं, तर गुडघा आतल्या बाजूला दुमडतो. आतलं अस्थिबंध ताणतं किंवा फाटतं. गेल्या वर्षी माझ्याकडे एक मुलगा आला होता, क्लासमधल्या नव्या जोडीदाराने असंच 'जोर लावून' मारलेलं. दोघांचाही हेतू वाईट नव्हता. दहा आठवडे गेले.

तो उठायला लागला, पाऊल रोवलं, की कात्री सोडून द्या. आणि हो, मांड्यांचा व्यायाम करा, पण स्वीपसाठी नको, गुडघ्यांसाठी करा.

चकली
कात्री मारणं म्हणून ज्युडोत काहीतरी बंदी घातलेलं आहे ना? भाऊ ज्युडो खेळायचा, तो म्हणायचा.

स्नोमधला_मोदक
ते वेगळं. कानी बासामी. त्यात उभ्या माणसाच्या पायांवर बाजूने झेप घेऊन कात्री मारतात. १९८० मध्ये जपानच्या यामाशिताचा पाय त्यात मोडला. ज्युडोत ते बंद आहे, जिउ-जित्सूच्या मोठ्या स्पर्धांतही. इथे समोरचा गुडघ्यांवर असतो आणि आपण जमिनीवर, त्यामुळे पांढऱ्या पट्ट्याला पहिल्याच महिन्यात शिकवतात. वाटी_सरकली यांनी सांगितलेली खबरदारी मात्र सोन्यासारखी आहे.

रविवारी_सुट्टी
नो-गीमध्ये, म्हणजे अंगरख्याशिवाय, हे कसं करायचं? कॉलरच नाही.

दहीपोहे
मान आणि मनगट धरून करतात, पण घामाने निसटतं. मी नो-गीमध्ये कात्रीच्या नादी लागत नाही, हिप बम्प करते. त्याला कपडा लागत नाही.

रविवारी_सुट्टी
आणि स्पर्धेत गुण किती?

स्नोमधला_मोदक
आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या नियमांत स्वीपला २. वर जाऊन तीन सेकंद स्थिर राहावं लागतं, नुसतं उलथवून पुन्हा खाली आलात तर शून्य. कात्री नीट लागली आणि थेट माउंटमध्ये स्थिरावलात तर माउंटचे ४ वेगळे, म्हणजे एकूण ६. पांढऱ्या पट्ट्याची प्रौढांची लढत पाच मिनिटांची, त्यात ६ म्हणजे पुष्कळ. म्हणून हा स्वीप जुना झाला तरी मरत नाही.

ओला_टॉवेल
तीन आठवड्यांनी परत आलोय. उशीर झाला, तिमाही संपत होती.

पहिला शोध लाजिरवाणा. मोबाइल भिंतीला टेकवून रोलिंगचं चित्रण केलं (जोडीदाराला विचारून). मी खरंच दुसरी बाही धरत होतो, म्हणजे ज्या बाजूला तो पडणारच नव्हता ती. पडायच्या बाजूचा त्याचा हात मोकळा. त्यात तो आरामात हात टेकवून बसलेला दिसतो, उपनगरी गाडीत खिडकीत कोपर ठेवून बसतात तसा. आणि मी खाली जीव तोडून पाय मारतोय. बायकोने ते बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही सायकल चालवताय का?"

दुसरं, मी कुशीवर येतच नव्हतो. ड्रिलमध्ये येतो, रोलिंगमध्ये घाबरून सपाट पडून राहतो. मग एक आठवडा कात्री मारायचीच नाही असं ठरवलं. फक्त कॉलर, बाही, ओढ, कुशीवर, नडगी, आणि वजन येतंय का ते बघायचं. आलं नाही तर विळखा परत बंद. जोडीदाराला वाटलं मी दमलोय.

दुसऱ्या आठवड्यात दहीपोहे ताईंचा पुश केला. तो ९० किलोचा माणूस गुडघा मागे सरकल्यावर एकदम लहान झाला. पूर्ण पडला नाही, पण एका हातावर आला आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडून "ओ" निघालं. ते "ओ" मी घरी येईपर्यंत पुरवून वापरलं.

परवा. मी दोनदा जोरात ओढलं, तो मागे रेलला. मी हिप बम्पला उठलो. जमला नाही, माझा मागचा हात घसरला. पण मला परत खाली दाबायला तो पुढे आला, आणि मी पाठीवर पडता पडता बघतो तर दोन्ही मुठी जागेवर. कॉलर, बरोबर बाही. कंबर सरकलेली. नडगीवर त्याचं सगळं वजन. मोदकराव, तुम्ही म्हणालात ते चुकत नाही, खरंच चुकत नाही. एखादी भरलेली गोणी कलंडायच्या बेतात असावी तसं. पाय मी मारला की नाही तेही आठवत नाही. तो बाजूला पडला आणि मी वर होतो.

पन्हाळ्याचा वारा
शाब्बास पठ्ठ्या! फेटा पाठवू का पुण्याला?

दहीपोहे
अभिनंदन! हिप बम्प फसून कात्री लागणं म्हणजे उलट्या दिशेने, पण चालतंय.

वाटी_सरकली
त्याचा गुडघा?

ओला_टॉवेल
गुडघा ठणठणीत. विचारलं लगेच.

फक्त एक अडचण झाली. वर जाऊन बसलो खरा, पण चार महिन्यांत मी तिथे कधी गेलोच नव्हतो. काय करायचं ते माहीतच नाही. आजूबाजूला बघितलं. कोच पाठमोरे. तोवर त्याने खालून कमर उडवली, माझा हात आणि पाय एका बाजूचे अडकवले आणि मला उलथवलं. तीन सेकंद झाले असतील का, माहीत नाही. मोजायचं सुचलं नाही.

माउंटमध्ये टिकायचं कसं?

स्नोमधला_मोदक
नवीन धागा काढा.